जोडावरचा शिक्का

लष्करात, दौलतगंजच्या मागच्या गल्लीत,
आमच्या ग्रंथालयाला एका बँकेने
सात जुने लॅपटॉप देऊन टाकले.
जानेवारी. धुकं असं, की किल्ला
दुपारपर्यंत जागेवर नव्हताच.
पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं,
यंत्र म्हणालं: सही ओळखीची नाही.
आणि थांबलं.

आत घालायची ती प्रणाली उघडी.
कोणीही वाचा, बदला, वाटा.
कुठल्या कुठल्या गावच्या माणसांनी
नोकरी सांभाळून, रात्री जागून लिहिलेली.
उंबरठ्यावरच्या चिपला त्यातलं कोणीच ठाऊक नाही.
तिला ठाऊक एकच किल्ली,
कारखान्यातच पोटात घातलेली,
समुद्रापलीकडच्या कंपनीची.

खरं सांगतो, पहारा मलाही हवा.
मागच्या वर्षी याच टेबलावर
एका यंत्रात, ते जागं होण्याच्याही आधी,
कोणीतरी येऊन बसलेलं होतं.
डिस्क पुसली, बदलली,
तरी ते होतंच.
तेव्हा दाराशी कोणी नको, असं नाही.
पहारेकरी पगार कोणाचा खातो, एवढंच.

शेजारच्या टेबलावर इंगळेबाई मोडी वाचतात.
त्यांनी एक लांबलचक कागद पालथा केला.
"हे बघ. तावाला ताव चिकटवलेला,
आणि जोडावर शिक्का.
अर्धा या तावावर, अर्धा त्या.
मधला बदललास तर अर्धे जुळायचे नाहीत.
शेवटी मोर्तब. त्याच्याखाली
काना-मात्रासुद्धा कोणाची नाही."

मी म्हटलं, बाई, अगदी हेच!
चिप पुढच्याला तपासते, तो त्याच्या पुढच्याला,
जोडाजोडावर शिक्का.

बाई चष्मा पुसत राहिल्या.
"ते कळलं. शिक्का कोणाच्या कनवटीला?"

आमच्या लोकांनी काढलेली तोड म्हणजे एक पाचर.
चिमुकला प्रोग्राम,
त्याच कंपनीची सही घेऊन आलेला.
तो आधी आत शिरतो
आणि मागच्यांसाठी दार धरून ठेवतो.
सुतार पाचरेची बढाई मारत नाही.
आमचं एवढं मोठं स्वातंत्र्य
त्या फटीतल्या ढलपीवर तोललेलं,
आणि सहीला मुदत,
दुधाच्या पिशवीसारखी.

म्हणून मी स्वतःची किल्ली घडवली.
निळा पडदा आला:
मालकाची किल्ली नोंदवायची?
दहा सेकंद. नऊ.
मालक.
झाकणावर बँकेचं अर्धवट सोललेलं स्टिकर,
खाली ट्रस्टचा नंबर, पांढऱ्या रंगात,
स्टुलावर फरहीन, हातात गजकचा तुकडा,
जिला यातल्या एकावर परीक्षेचा फॉर्म भरायचाय.
पाच. चार.
मी बटण दाबलं.
चौथ्या यंत्राला लाइट गेली, बॅटरी मेलेली,
ते पहिल्यापासून.

संध्याकाळी सातही सुरू.
फरहीनने तिळाची बोटं ओढणीला पुसली.
"तो अब सबकी चाबी आपके पास, सर?"
तिने साधंच विचारलं.
खिशातला पेनड्राइव्ह मात्र एकदम
वजनाने लागला छातीला.
या गल्लीपुरती
समुद्रापलीकडची कंपनी आता मीच.
उद्या मी स्कूटरखाली आलो,
किंवा ट्रस्टशी भांडलो,
किंवा नुसताच विसरलो?

शेवटी इंगळेबाईंनी तो मागून घेतला.
पासवर्ड कानात सांगायला लावला.
एक्केचाळीस नंबरच्या रुमालात,
कुठल्याशा जुन्या पागेच्या हिशेबांबरोबर
गाठ मारून ठेवला,
आणि वहीत नोंद केली,
काय, कुठे, कोणी, कोणासमोर,
सगळं मोडीत.

ट्रस्टींना मोडी येत नाही.
मला येत नाही.
फरहीन सोमवारपासून शिकायला बसणार आहे म्हणते.
बाईंनी तिला टाक नाही, साधं बॉलपेन आणायला सांगितलंय.